लेबल वाचून लावलं होतं

“डब्बा खडा है, भाई! इधर कोन सो रहा है?”

मालधक्क्यावर पाय ठेवला की ही आरोळी कानावर यायची. मागोमाग धाड धाड असे दोन आवाज. डब्याच्या पत्र्यावर मालबाबूंनी, म्हणजे मालाच्या कारकुनांनी, उघड्या हातानं मारलेल्या त्या दोन थापा. गोठ्यात शिरलेला माणूस बैलाच्या पाठीवर मारतो तशा. एका कानावर निळी पेन्सिल, डोक्यावर करडी लोकरीची टोपी, तीसुद्धा मे महिन्यात, आणि तोंड कायम कुणावर तरी सुटलेलं.

तुम्ही प्लॅटफॉर्मवरून गाडीत चढणारी माणसं. स्टेशनच्या मागच्या अंगाला मालधक्का असतो, हे तुमच्यापैकी कितीजणांना ठाऊक आहे कोण जाणे. डब्याच्या तळाएवढा उंच दगडी ओटा, त्यावर पत्र्याचं छप्पर, आणि ओट्याला लागून एक जादाचा रूळ. त्या रुळावर रिकामा डबा आणून लावायचा, व्यापाऱ्यानं तो भरायचा, आणि मालगाडी आली की तिला जोडून पाठवायचा. परभणीच्या अंगाला तेव्हा छोटी लाइन होती, मीटरगेज. आमचं स्टेशन एवढंसं. पण आसपासच्या गावांची ज्वारी, सरकी, पेंड सगळी तिथूनच जायची. मी त्या धक्क्यावर हमाल होतो. सातवी पास हमाल. हे ‘सातवी पास’ लक्षात ठेवा, पुढं लागणार आहे.

बाबूंना उभा डबा बघवायचा नाही. डबा लावल्यापासून ठरलेल्या वेळात व्यापाऱ्यानं तो भरला नाही, की डेमरेज, म्हणजे तासावर दंड. भरायला आणलेला माल धक्क्यावरच पडून राहिला, की वारफेज. हे दोन शब्द ऐकले की तालुक्यातले सगळे शेठलोक खिसा धरायचे. मी नवा होतो तेव्हा विचारलं होतं, “बाबू, दोन्हीत फरक काय हो?”

“डब्बा अडकाया तो डेमरेज. जमीन अडकायी तो वारफेज.”

“आन् माणूस अडकवला तर? आमी सकाळधरनं डब्याची वाट बघत बसलोय, त्याचं काय?”

त्यांनी कानावरची पेन्सिल काढली, माझ्याकडं बघितलं, परत कानावर ठेवली. “आदमी का कुछ नै बनता,” म्हणाले.

मला राग आला होता. अजूनही येतो. पत्र्याच्या डब्याला तासाचा हिशोब आणि माणसाला काही नाही! पण तो नियम काही त्यांनी केला नव्हता. त्यांनी निदान खरं तरी सांगितलं.

शेठलोक त्यांना टरकून असायचे. एकदा एका शेठनं डेमरेज माफ व्हावं म्हणून तुरीच्या डाळीचं पोतं धक्क्यावर आणून टाकलं. बाबूंनी आम्हाला हात लावू दिला नाही. “हमाल नक्को. शेठ, तुमीच उचला, तुमीच आणलं ना,” म्हणाले. शेठ घामाघूम. पोतं बैलगाडीपर्यंत ओढत नेलं बिचाऱ्यानं, आणि आम्ही ओळीनं उभं राहून तो तमाशा बघितला. एवढं सुख त्या धक्क्यावर दुसऱ्या कशात मिळालं नाही.

पण मला सांगायचंय ते लेबलांचं. डबा भरला की त्याच्या दोन्ही अंगांना कागदाचं लेबल लागायचं. कुठून निघाला, कुठं जायचा, आत काय. पुढच्या हजार कोसांत त्या डब्याला ओळखणारं दुसरं कुणी नाही, तो कागद काय तो त्याचा. लेबल चिकटवायला गव्हाच्या पिठाची खळ बाबू स्वतः शिजवायचे. एका वर्षी कुणाच्या तरी बकरीनं पिठाच्या वासानं लेबल चाटून खाल्लं, आणि सिकंदराबादला जाणारी ज्वारी बिननावाची कुठं कुठं हिंडून आली. तेव्हापासून खळीत विषारी मोरचूद पडायला लागला.

“बकरी पढी-लिखी नै,” बाबू म्हणायचे, “मगर लेबल सबसे पैले वोईच पढती.”

आणि त्यांची एक रीत होती. दुसऱ्या कुठल्या धक्क्यावर ती असेल असं मला वाटत नाही. लेबल लिहून झालं की ते आमच्यातल्या वाचता येणाऱ्या माणसाच्या हातात द्यायचं. म्हणजे माझ्या. मी ते मोठ्यानं वाचायचं. सगळ्या टोळीला ऐकू गेलं पाहिजे. मग बाबू म्हणायचे, “फिर से.” परत वाचायचं. मग खळ. “लिखनेवाला अंधा होता,” ते म्हणायचे, “उसकू अपनी गलती नै दिखती. दूसरे के मूँ से सुनना पडता.”

वस्तीतल्या माझ्यासारख्या पोराला मोठ्यानं वाचायला कुणी सांगत नव्हतं, बरं का. शाळेत मी शेवटच्या रांगेत, दाराशी. गुरुजींनी सात वर्षांत मला उभं करून एक धडा वाचून घेतला नाही. आणि इथं भर धक्क्यावर शेठ, दिवाणजी, गाडीवान सगळे थांबायचे आणि मी वाचायचो. माझा आवाज पत्र्याला आपटून परत यायचा. घरी जाऊन बायकोला सांगायचो, आज गुंटूर वाचलं. ती म्हणायची, गुंटूर खाऊन पोट भरतं का?

मालगाडीला जोडून डबा निघाला की बाबू तळहात झटकायचे आणि “गया!” म्हणायचे. बस. त्या डब्याचं त्यांच्यापुरतं संपलं.

आता ते वर्ष. नामांतराचा ठराव झाला आणि मराठवाडा पेटला. विद्यापीठाला बाबासाहेबांचं नाव द्यायचं म्हटल्याबरोबर ज्यांनी जन्मात विद्यापीठाची पायरी बघितली नव्हती, त्यांच्या अंगाची लाही लाही झाली. अरे, तुमचं काय जळत होतं? नाव औरंगाबादला लागणार होतं. घरं आमची जाळली.

आमचं गाव स्टेशनपासून कोसभर. वस्तीला आग लागली तेव्हा आम्ही उठलो तसे पळालो आणि उभ्या हायब्रिड ज्वारीत शिरलो. ओली काळी माती, पाय गुडघ्यापर्यंत. लेकरांच्या तोंडावर हात दाबून बसलो. कोण कोण आले होते ते मी आवाजावरून ओळखलं. काल माझ्याबरोबर बिडी ओढणारा त्यात होता. उजाडल्यावर नाल्यानाल्यानं धक्क्याकडं निघालो. बायको, दोन लेकरं, सासू, आणि बाळंतपणाला माहेरी आलेली माझी धाकटी बहीण, तिच्या तान्ह्यासकट. यस्ट्या बंद होत्या. प्लॅटफॉर्मवर गावातली पोरं काठ्या घेऊन बसलेली, पॅसेंजरमध्ये आमचं कोण चढतंय ते बघत. धक्क्याला एक रिकामा डबा लागलेला होता. सगळ्यांना त्यात घातलं आणि दार ओढून घेतलं. मग मी तोंड धुऊन रोजच्यासारखा छपराखाली जाऊन बसलो. दुसरं काही सुचलंच नाही.

बाबू आले. आले ते आरोळी ठोकतच. “डब्बा खडा है, भाई!” आणि पत्र्यावर धाड धाड.

आतून तान्हं रडलं.

बाबूंचा हात पत्र्यावर तसाच राहिला. आरोळी अर्धी राहिली. मी उठून उभा राहिलो. त्यांनी माझ्याकडं बघितलं. माझे पाय चिखलानं भरलेले, सदरा एका बाजूला काळा झालेला. काही सांगावं लागलं नाही.

“कितने हैं?”

मी सांगितलं.

“ये डब्बा शेठ की पेंड का है. उनकी गाडियाँ आती होंगी.” एवढं बोलून ते आपल्या खोलीत गेले. मला वाटलं, संपलं. हा नियमाचा माणूस, आता स्टेशन मास्तरला सांगणार. मी रुळाची पहार हातात घेतली होती, खोटं कशाला बोलू. पहिलं जे कुणी दार उघडायला येईल त्याच्या डोक्यात घालणार होतो.

बाबू बाहेर आले ते खळीचं टिनपाट घेऊन. आणि दोन लेबलं.

हे नीट ऐका. डबा बिघडला की त्याला ‘सिक’ म्हणतात, म्हणजे आजारी. आजारी डब्याची लेबलं दोन प्रकारची. एक म्हणतं, डबा जागचा हलवू नका, इथंच दुरुस्त होईल. दुसरं म्हणतं, भरू नका, पण गाडीला जोडून जंक्शनला पाठवा, दुरुस्ती तिथं होईल. दोन्हींवर तांबडी पट्टी. पहिलं लावलं असतं तर पेंड भरणं टळलं असतं, पण माझी माणसं तिथंच, काठीवाल्या पोरांच्या नाकासमोर राहिली असती. जंक्शनला रेल्वेच्या चाळींत आमची पुष्कळ माणसं होती, विहार होता. तिथं कुणाची हात लावायची छाती नव्हती.

बाबूंनी लेबल माझ्या हातात दिलं. “पढ.”

मी ओठांतल्या ओठांत पुटपुटलो.

“पढ बोला ना! जोर से.”

मी वाचलं. “खाली डिब्बा. माल न भरें. मरम्मत के लिए जंक्शन.”

“फिर से.”

मी परत वाचलं. टोळीतले बाकीचे सहाजण खांबाला टेकून ऐकत होते. त्यातले दोघं माझ्या गावचे, पलीकडल्या आळीतले. सगळ्यांनी ऐकलं. मग बाबूंनी स्वतः दोन्ही अंगांना खळ फासली, लेबलं लावली, तळहातानं दाबली, आणि दाराच्या कडीला तार पिळून टाकली. आत कुणीतरी सुस्कारा सोडला, तो मला ऐकू आला.

तेवढ्यात शेठच्या गाड्या आल्या. पुढं दिवाणजी, मागं बैलगाड्यांवर पेंडीची पोती. आणि गाडीवान कोण? रात्रीचेच की. कपडे तेवढे बदललेले. एकाच्या हाताला फडकं गुंडाळलेलं, भाजला असणार. जाळताना हात भाजतो म्हणतात, खरंय ते.

“बाबू, डबा उघडा. आमच्या नावाचा हाय,” दिवाणजी म्हणाले.

“सिक है.”

“काल तर चांगला होता की!”

“आदमी बी कल अच्छा रैता, आज बीमार पडता. दरवाजा जाम है. लेबल दिखता नै?”

“बघू तरी आमी. पोरं हायेत चार, ढकलतील दार.”

फडकंवाला डब्याकडं निघाला. आणि आत तान्हं परत रडायला लागलं.

काय सांगू तुम्हाला. त्या माणसानं उभ्या आयुष्यात जेवढं ओरडून घेतलं होतं ते सगळं जणू त्या घटकेची तालीम होती. “बैल धक्के पे किसने चढाये! ये धक्का है के तुमारे बाप का खळा! हटाव! हटाव पैले!” पत्र्यावर दोन्ही हातांनी धडाधड थापा. टोपी खाली पडली. मी काय ते समजलो आणि पहार घेऊन डब्याच्या चाकावर ठाण ठाण ठोकत सुटलो, चाक तपासतोय असं दाखवत. माझ्या मागून टोळीतल्या म्हाताऱ्या मुकादमानं रिकामं पत्र्याचं पिंप आडवं करून ओट्यावरून लोटून दिलं. त्याला कुणी सांगितलं नव्हतं. बैल बुजले. पुढच्या गाडीचं जू निसटलं, गाडी मागं कलली, आणि पेंडीची पोती घसरून थेट दिवाणजींच्या अंगावर. पांढरं स्वच्छ धोतर, त्यात पिवळी पेंड. फडकंवाला बैल धरायला धावला. दिवाणजी आईबाप काढायला लागले. तान्ह्याचा आवाज त्या गोंधळात कुठच्या कुठं बुडाला.

नंतर ती सांडलेली पोती मीच उचलली. पाठीवर घेऊन परत त्यांच्याच गाड्यांत रचली. ज्यांनी माझं घर जाळलं त्यांची पेंड. हमालीही घेतली, नाही घेतली तर संशय येईल म्हणून. त्या दिवसाची ती हमाली आठवली की अजून तळहात खाजतात.

मालगाडी येईल का नाही याचा भरवसा नव्हता, पण आली. इंजिन मागं घेऊन डबा जोडला. गार्ड लेबल वाचत उभा राहिला. बाबू त्याच्याजवळ गेले, काहीतरी कानात बोलले. गार्डनं तारेकडं बघितलं, मग लेबलाकडं, आणि “ठीक है” म्हणून हिरवं निशाण काढलं. जंक्शनच्या आधी सिग्नलला गाडी थांबली तेव्हा त्यानंच तार सोडली आणि माझ्या सासूला हात देऊन खाली उतरवलं. त्याचं नाव गाव मला आजतागायत ठाऊक नाही.

डबा नजरेआड झाला. बाबूंनी तळहात झटकले नाहीत. “गया” म्हणाले नाहीत. हात खळीनं भरलेले होते, ते तसेच घेऊन खोलीत गेले.

पुढं व्हायचं तेच झालं. जंक्शनच्या तपासनिसानं डबा बघितला, दार चांगलं, चाकं चांगली, आजार काही नाही. शेठनं वरपर्यंत तक्रार ठोकली: आमच्या नावाचा डबा बाबूनं मुद्दाम रिकामा पाठवला, आकसानं. चोराच्या उलट्या बोंबा! ज्याचे गाडीवान रात्री घरं जाळतात, तो दिवसा डब्यासाठी न्याय मागतो, आणि त्याला न्याय द्यायला साहेब येतो. आमच्या वस्तीची चौकशी करायला कुणी आलं नाही. डब्याची झाली.

साहेब खुर्ची टाकून धक्क्यावर बसले. मुद्दाम पाठवला म्हटलं असतं तर बाबूंची नोकरी जात होती. खोटं लेबल, वर मालाच्या डब्यात माणसं, म्हणजे गुन्हाच. तेव्हा उरलं होतं एकच. चूक झाली म्हणायचं: डबा इथंच दुरुस्त व्हायचा होता, दोन्ही लेबलांना तांबडी पट्टी, हाताला भलतंच आलं.

मी आदल्या संध्याकाळी बाबूंच्या खोलीत गेलो होतो. म्हणालो, “मी सांगतो साहेबाला काय झालं ते. सगळं सांगतो. होऊ द्या काय व्हायचं ते.”

बाबू माझ्यावर असे भडकले, मला वाटलं टिनपाट फेकून मारतात. “तू क्या बोलेगा? तेरे लोगां कैसे गये, किसने बिठाये, किसने देखा? गाँव में कल तेरेकू रैना है के नै? ये चौकशी खतम होने तक तेरे बच्चे उसी डब्बे में हैं, समझ! दरवाजा नक्को खोल.”

मग खाली बघत म्हणाले, “हमारेकू बी किसीने रखा था. पोलीस ॲक्शन में. कडबे की गंजी में, मेरी अम्मी, मैं, छोटी बहन. उसने नाम नै बताया. हमने नै पूछा.” निजामाचं राज्य गेलं तेव्हा मुसलमानांची घरं लुटली, त्या वेळची ही गोष्ट. याच्यावर त्यांनी आयुष्यात परत कधी शब्द काढला नाही.

दुसऱ्या दिवशी साहेबानं विचारलं, “लेबल लावताना वाचून घेता म्हणे तुम्ही? कोण वाचतं?” शेठच्या दिवाणजीनं माझ्याकडं बोट केलं. “ह्यो वाचतो की. सगळ्या धक्क्याला ठाऊक हाय.”

साहेब माझ्याकडं वळले. मी तोंड उघडणार, तर बाबूच बोलले.

“ये अनपढ है, साब. ये क्या पढेगा.”

दिवाणजींनी साक्षीसाठी टोळीकडं बघितलं. टोळीतले सहाजण गप्प. माझ्या गावचे ते दोघंही, त्यांनीही मान खाली घातली. साहेबानं कारकुनाला सांगितलं, कारकुनानं शाईचा पॅड पुढं केला, आणि मी माझ्या जबाबाखाली अंगठा लावला. मी. सातवी पास. बाबासाहेबांचं ‘शिका’ ज्याच्या बापानं भिंतीवर लिहून ठेवलं होतं, तो मी. ती भिंत जळाली होती आणि इकडं मी अंगठा लावत होतो. त्या शाईचा मला जेवढा राग आला तेवढा आगीचा आला नसेल. अंगठा चुन्यानं घासला, मातीनं घासला. आठ दिवस डाग जाईना.

बाबूंनी लिहून दिलं: लेबल न वाचता लावलं, माझी चूक. पगारवाढ थांबली. नोकरी राहिली.

शिक्षेपेक्षा वाईट ते पुढचं. ‘न वाचता लावलं’ असं कागदावर आलं म्हटल्यावर धक्क्यावर वाचण्याची रीत चालू कशी ठेवणार? आणि वाचणारा तर कागदोपत्री अंगठाछाप. बाबूंनी रीत बंद केली. एका शब्दानं. “आज से नै पढना.” लेबल लिहायचे, दोनदा स्वतःच पुटपुटायचे, चिकटवायचे. मी खळीचं टिनपाट धरून बाजूला मुका उभा. ते लिहिताना चष्मा पुसायचे, परत पुसायचे, आणि कधी माझ्याकडं बघायचे नाहीत. खरी चूक त्यांच्या हातून त्यानंतरही झाली नाही. पण नाव पडलं ते पडलंच. शेठचा पोरगा त्यांना ‘जंक्शनबाबू’ म्हणायला लागला. नवा कारकून आला की मास्तर त्याला शिकवायचे, “लेबल नीट बघ रे, नाहीतर आमच्या मालबाबूंसारखं व्हायचं.” लोक फिदीफिदी हसायचे. ज्यांनी माझ्या तोंडून ते लेबल दोन वेळा ऐकलं होतं, तेही हसायचे. सुरुवातीला भीतीनं हसले असतील, समजू शकतो. पण पुढं पुढं खरंच हसायला लागले हो! माणूस आपणच ऐकलेलं विसरतो का? सोयीचं असलं की विसरतो.

आणि बाबू? ते ओरडत राहिले. “डब्बा खडा है, भाई!” थापा मात्र मारीनासे झाले. डब्याजवळ गेले की आधी जरा थांबायचे, कान द्यायचे, मग बोटानं टकटक करायचे.

मीटरगेज उखडायच्या आधीच ते रिटायर झाले. निरोपाला हार, नारळ आणि एक छत्री. विभागाहून आलेल्या साहेबानं भाषणात तोच विनोद केला, डबा बरा होता पण बाबूंनी त्याला दवाखान्यात पाठवला म्हणून. टाळ्या. मी उठलो. तोंड उघडलं. समोरून बाबूंनी डोळे वटारले, “बैठ.” पेन्शन अजून सुरू व्हायची होती. मी बसलो. चहा तसाच ठेवला.

मग ते परभणीला एका खोलीत राहायला गेले. बायको आधीच वारलेली, मुली लग्न होऊन लांब. मी अधूनमधून जायचो. शेवटी विद्यापीठाच्या नावात बाबासाहेब आले, नामविस्तार झाला, त्या दिवशीही गेलो, पेढे घेऊन. माझी बहीण तिच्या पोराला घेऊन आली होती, तोच तो डब्यात रडलेला, आता मिशा फुटलेला. त्यालाही नेलं. बाबूंनी त्याला खालपासून वरपर्यंत बघितलं. “बहोत चिल्लाता था तू,” म्हणाले. पेढा मोडून अर्धा त्याला दिला.

“कितने बरस खडा रखा तुम लोगांकू,” म्हणाले. “एक नाम के वास्ते.” मग माझ्याकडं बघून, “मैं तेरेकू बोला था ना, आदमी का कुछ नै बनता? गलत बोला था. बनना था. सब से ज्यादा उसीका बनना था.”

मी म्हणालो, “आन् तुमचं?”

त्यांनी हात झटकला. “मेरा क्या. मेरी तो गलती थी.” आणि हसले. मला नाही हसू आलं.

उन्हाळा लागायच्या आत ते गेले. कबरस्तानात स्टेशनवरची जुनी माणसं आली होती, मास्तर, कारकून, टोळीतले तिघं, शेठचा पोरगासुद्धा. मेल्या म्हशीला मणभर दूध, तसं चाललेलं. माती देऊन झाली. शेठचा पोरगा हात धुता धुता म्हणाला, “माणूस शिस्तीचा. सगळ्या नोकरीत एकच काय ती चूक.” मास्तरांनी मान डोलावली, “हो ना, ते लेबल.”

आता पेन्शन थांबायची नव्हती. नोकरी जायची नव्हती. माझी लेकरं डब्यातून उतरून बापापेक्षा उंच झाली होती. माझ्या अंगात काय शिरलं कोण जाणे, मी शेठच्या पोराच्या अगदी समोर जाऊन उभा राहिलो.

“चूक न्हवती ती,” मी म्हणालो. “लेबल वाचून लावलं होतं. मी वाचलं होतं. मला वाचता येतं.”

कुणीतरी माझा दंड धरला. मी झटकला. टोळीतल्या तिघांकडं वळलो. “तुमी ऐकलं होतं. खांबाला टेकून उभे होता. ऐका परत.” आणि धक्क्यावर वाचायचो तशा आवाजात, कबरीकडं तोंड करून, मी वाचलं.

“खाली डिब्बा. माल न भरें. मरम्मत के लिए जंक्शन.”

मी थांबलो. सवयीनं थांबलो. पण ‘फिर से’ म्हणणारा खाली मातीत होता.

मग मी आपणहून परत वाचलं.